अर्धवट सुटलेलं जीएनएम आणि तेहतिसावं वर्ष

ताई, तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे मला तो नीट कळलाय की नाही ते तुम्हालाही दिसेल. २०१० साली कणकवली तालुक्यातून बारावी सायन्स, एकूण ५४ टक्के, फिजिक्स-केमिस्ट्री-बायोलॉजीचे मिळून ४८. त्याच वर्षी एका खाजगी नर्सिंग स्कूलमध्ये जीएनएमला, म्हणजे नर्सिंगच्या डिप्लोमाला प्रवेश, पहिलं वर्ष पास. मग वडिलांना अर्धांगवायूचा झटका आला, फी आणि घर दोन्ही एकदम अंगावर पडलं आणि शिक्षण सुटलं. पुढे मुक्त विद्यापीठातून बी.ए., लग्न, आता दुसरीत असलेली मुलगी, आणि गेली काही वर्षं पतसंस्थेत क्लार्कची नोकरी. वय ३३. आता पुन्हा नर्सिंगला जायचंय आणि तुम्ही विचारताय की तेव्हाचं पहिलं वर्ष धरतील का, बारावी पुन्हा द्यावी लागेल का, आणि ओळखीतल्या कोणी सुचवलेल्या सहा महिन्यांच्या 'नर्सिंग कोर्स'वर भागेल का. शेवटी सासूबाईंचं वाक्यही घातलंयत, "आता ह्या वयात गो खंयची शाळा?"

थोडक्यात उत्तरं अशी. पहिलं वर्ष धरणार नाहीत. बारावी पुन्हा द्यायची गरज नाही. सहा महिन्यांचा कोर्स करू नका. सासूबाईंच्या प्रश्नात मात्र तथ्य आहे, फक्त त्या म्हणतात त्या अर्थाने नाही. आता एकेक उलगडून सांगते. मी सिंधुदुर्गातलीच, आधी वॉर्डात आणि नंतर नर्सिंग स्कूलला ट्यूटर म्हणून काम केलंय, त्यामुळे हे दोन्ही बाजूंनी पाहिलेलं आहे.

वयापासून सुरुवात करते, कारण तुम्ही ते शेवटी लिहिलंय आणि खरी अडचण तिथेच आहे. इंडियन नर्सिंग कौन्सिलच्या नियमांत एएनएम (उपकेंद्रावरच्या नर्सबाईंचा कोर्स), जीएनएम आणि बी.एस्सी. नर्सिंग या तिन्हींच्या प्रवेशाला वरची वयोमर्यादा ३५ आहे. तुमच्याकडे फार तर दोन प्रवेशफेऱ्या, म्हणजे दोन वर्षांचे प्रवेश, आहेत, आणि वय कुठल्या तारखेला मोजतात त्यावर दुसरी फेरी मिळणार की हुकणार हे ठरेल. ती तारीख त्या वर्षीच्या प्रवेशाच्या माहितीपुस्तिकेत छापलेली असते. तुमची जन्मतारीख हातात घेऊन ते पान सगळ्यात आधी वाचा. मी पाहिलेल्या बऱ्याच बायका इथेच घसरतात. जुनं वर्ष वाया जाऊ नये म्हणून त्या जुन्या शाळेत खेटे घालतात, अर्ज करतात, 'वरून पत्र येईल' म्हणून थांबतात, आणि त्यात एक आख्खी प्रवेशफेरी निघून जाते. जे मेलंय ते जिवंत करायच्या नादात जे जिवंत आहे ते हातचं जातं.

तुमच्याकडे जुनं असं तीन प्रकारचं शिक्षण आहे आणि तिन्हींची गत वेगवेगळी आहे.

बारावीची मार्कलिस्ट कधीच शिळी होत नाही. २०१० ची असो की कालची, पात्रता तीच. जीएनएमला कुठल्याही शाखेची बारावी चालते, इंग्रजी विषय हवा आणि ४० टक्के हवेत. तुमचे ५४ आहेत, प्रश्नच नाही. बी.एस्सी. नर्सिंगला फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजीत मिळून ४५ टक्के लागतात आणि इंग्रजीत पास असावं लागतं. तुमचे ४८ आहेत, म्हणजे तेही दार उघडं आहे. टक्के वाढवण्यासाठी बारावी पुन्हा द्यायचा विचार सोडून द्या, त्यात वर्ष जाईल.

जीएनएमच्या पहिल्या वर्षाचं तसं नाही. एक तर जीएनएम पूर्ण करायला जास्तीत जास्त सहा वर्षांची मुदत असते आणि तुमची ती कधीच संपली. दुसरं म्हणजे तुम्ही शिकत होतात तेव्हा हा अभ्यासक्रम साडेतीन वर्षांचा होता, शेवटचे सहा महिने इंटर्नशिपचे. २०१५ च्या सुधारणेनंतर तो तीन वर्षांचा झाला आणि विषयांची मांडणीही बदलली. तुमचं पास झालेलं वर्ष आजच्या कुठल्या वर्षाच्या जागी बसवायचं, हा प्रश्न कोणी सोडवायला बसणार नाही. कॉलेजच्या बी.ए.-बी.कॉम.सारखं दुसऱ्या वर्षाला थेट प्रवेश, क्रेडिट जमा, असं काही इथे धरून चालू नका. कोणी खाजगी संस्था म्हणालीच की "या, आम्ही तुम्हाला सेकंड इयरला घेतो," तर तिथून चहा न पिता निघा.

बी.ए. हे तिसरं. प्रवेशाच्या गुणांत त्याचा उपयोग शून्य. पण मुक्त विद्यापीठातून नोकरी-संसार सांभाळून डिग्री काढलेली बाई अभ्यासाला बसू शकते, हे त्यातून मला कळतं, आणि ट्यूटर म्हणून मला तेच जास्त महत्त्वाचं वाटतं.

मग जुन्या वर्षाचा काहीच फायदा नाही का? कागदावर नाही, डोक्यात आहे. एक प्रसंग सांगते, नेहमीचा आहे. आपल्याकडे फुरसं, म्हणजे तो छोटा विषारी साप, चावल्याचा पेशंट आला की नसेतून दोन मिली ताजं रक्त काढून काचेच्या कोऱ्या, कोरड्या टेस्ट ट्यूबमध्ये घेतात. ट्यूब न हलवता वीस मिनिटं उभी ठेवायची आणि मग एकदाच तिरकी करायची. गाठ झाली असेल तर ठीक, रक्त पाण्यासारखं वाहिलं तर विषाने रक्त गोठणं बंद पाडलंय आणि सर्पविषरोधक लस लागणार. वॉर्डातली नवी मुलगी काय करते? दर पाच मिनिटांनी ट्यूब उचलून बघते. किंवा धुवून ठेवलेली ट्यूब वापरते, तिला साबणाचा अंश राहिलेला असतो, त्याने रक्त उगाच गोठत नाही आणि चाचणी खोटी येते. प्लास्टिकची ट्यूब घेतली तरी तेच, कारण रक्त गोठण्याची क्रिया सुरू व्हायला काचेचा पृष्ठभाग लागतो. ज्या मुलीला पहिल्या वर्षाचं फिजिओलॉजी कळलेलं असतं, रक्त गोठतं म्हणजे नक्की काय होतं हे माहीत असतं, तिला हे तीन नियम पाठ करावे लागत नाहीत. तुम्ही ते एकदा वाचलंय, परीक्षा दिलीय. दुसऱ्यांदा वाचताना ते जागेवर बसेल. पहिल्या वर्षाला तुमच्या वर्गात सतरा-अठराच्या मुली असतील आणि ॲनाटॉमीचे शब्द ऐकून गांगरून गेलेल्या असतील, तेव्हा तुम्हाला ते शब्द ओळखीचे वाटतील. एवढा फायदा धरा, त्याहून जास्त नको.

पतसंस्थेतल्या वर्षांबद्दलही हेच म्हणेन. लोक समजतात की नर्सिंग म्हणजे सेवाभाव आणि इंजेक्शन. वॉर्डातली निम्मी कामं नोंदीची आणि हिशोबाची असतात. आठ किलोच्या बाळाला ताप आलाय, डॉक्टरांनी पॅरासिटॅमॉल किलोला १५ मिलिग्रॅम सांगितलंय. म्हणजे १२० मिलिग्रॅम. आता कपाटात दोन बाटल्या आहेत. एकीत पाच मिलीत १२० मिलिग्रॅम, दुसरीत पाच मिलीत २५०. पहिलीतून पाच मिली द्यायचं, दुसरीतून २.४ मिली. दोन्ही बाटल्यांचा रंग सारखा, वास सारखा, आणि रात्रीचे तीन वाजलेत. ज्या बाईने संध्याकाळी कॅश टॅली झाल्याशिवाय घर गाठलेलं नाही, तिला आकडा दोनदा तपासायची सवय मला शिकवावी लागत नाही. शिफ्ट बदलताना ओव्हर देणं, म्हणजे पेशंटची माहिती पुढच्या नर्सच्या हवाली करणं, औषधांचं रजिस्टर, नातेवाइकांशी आवाज न चढवता बोलणं, हेसुद्धा तुमच्याकडे आहे. पिग्मीच्या खातेदारांना रोज तोंड देणाऱ्याला पेशंटचे नातेवाईक नवीन नाहीत.

आता निवड. जीएनएम की बी.एस्सी.? वर्गातल्या अठरा वर्षांच्या मुलीला मी विचार न करता बी.एस्सी. सांगते. तुमच्या बाबतीत गणित वेगळं आहे. राज्य सरकारच्या नोकरीला वयाची कमाल मर्यादा खुल्या प्रवर्गाला ३८ आणि मागासवर्गीयांना ४३ आहे. तुम्ही ३४ व्या वर्षी आत गेलात तर जीएनएम होऊन ३७ व्या वर्षी बाहेर पडाल, बी.एस्सी. होऊन ३८ व्या. निकाल, रजिस्ट्रेशन, जाहिरात निघणं हे सगळं त्यात धरलंत तर खुल्या प्रवर्गातून बी.एस्सी.वालीच्या हातात सरकारी भरतीसाठी जवळजवळ वेळच उरत नाही. जीएनएमवालीला एखादी संधी मिळू शकते, तीही जाहिरात वेळेवर आली तर. तुमचा प्रवर्ग तुम्ही लिहिलेला नाही, आणि माझं उत्तर सगळ्यात जास्त त्यावरच अवलंबून आहे. ४३ ची मर्यादा लागू असेल तर बी.एस्सी.चा विचार मोकळेपणाने करा. राज्याच्या दवाखान्यांत अधिपरिचारिकेच्या, म्हणजे स्टाफ नर्सच्या, पदाला जीएनएमही पात्र असते, त्यामुळे नुसती वॉर्डातली नोकरी हवी असेल तर चौथं वर्ष घालायलाच हवं असं नाही. पुढे शिकवायचं असेल, किंवा उपकेंद्रावर समुदाय आरोग्य अधिकारी व्हायचं असेल, तर डिग्री लागते. जीएनएम झाल्यावर दोन वर्षांचं पोस्ट बेसिक बी.एस्सी. करता येतं, तो रस्ता कायम उघडा आहे.

बी.एस्सी.साठी राज्याच्या सीईटी कक्षाची नर्सिंगची प्रवेश परीक्षा द्यावी लागते. ती अकरावी-बारावीच्या फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजीवर असते, शिवाय इंग्रजी आणि नर्सिंगचा कल तपासणारे प्रश्न. तुमच्या वेळची पुस्तकं काढून बसू नका, दोन्ही वर्षांचा अभ्यासक्रम त्यानंतर बदललाय. बालभारतीच्या संकेतस्थळावर नवी पुस्तकं फुकट मिळतात. पतसंस्थेची वेळ सांभाळून हे करायचं तर रोजचे दोन तास बायोलॉजीला द्या, फिजिक्समध्ये अडकून पडू नका. जीएनएमचा प्रवेश कुठल्या पद्धतीने होणार हे त्या वर्षीच्या सूचनेत पाहा. नियम वर्षावर्षाला बदलतात, आणि गेल्या वर्षी शेजारच्या मुलीला कसा मिळाला यावर विसंबून अर्धे घोटाळे होतात.

एएनएमबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण सांगते. दोन वर्षांचा कोर्स, फक्त महिलांसाठी, कुठल्याही शाखेची बारावी चालते. आपण उपकेंद्राच्या ज्या बाईंना नर्सबाई म्हणतो त्या बहुतेक याच वाटेने आलेल्या. लसीकरण, गरोदर बायांची नोंद, पावसाळ्यात भातलावणीच्या दिवसांत ताप आलेल्यांमध्ये लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस) हुडकणं, वाडीवाडीत चालत जाणं, असं ते काम. रुग्णालयाच्या तीन शिफ्ट नकोत आणि गावात राहून काम करायचंय अशा बाईला ते जीएनएमपेक्षा बरं पडतं. शिवाय एक बारीक नियम फार कमी जणांना माहीत असतो. एएनएम म्हणून रजिस्ट्रेशन असलेल्या बाईला जीएनएमच्या प्रवेशाला वयाची अट नाही. म्हणजे समजा जीएनएमची यादी लागली आणि तुमचं नाव कुठेच नाही, तर ३५ च्या आत एएनएमला प्रवेश घेतल्याने पुढचा रस्ता बंद होत नाही. मी तुमच्या जागी असते तर जीएनएम पहिलं आणि एएनएम दुसरं, असे दोन्ही अर्ज भरले असते.

सहा महिन्यांचा कोर्स. यात शिकवतात ते रुग्णाची देखभाल, बेड बनवणं, उचलणं-बसवणं, नाडी-ताप मोजणं. काम वाईट नाही, रुग्णालयांना अशी माणसं लागतातही. पण महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलमध्ये त्यावर रजिस्ट्रेशन होत नाही, आणि रजिस्ट्रेशन नाही म्हणजे तुम्ही नर्स नाही. पगारवाढ नाही, सरकारी जागा नाही, पुढच्या शिक्षणाला उपयोग नाही. पतसंस्थेत आज जे मिळतंय ते सोडून यासाठी जाऊ नका. त्याहून वाईट प्रकार म्हणजे बाहेरच्या राज्यातला 'न जाता होणारा' जीएनएम. फी भरा, परीक्षेला या, बाकी आम्ही बघतो. नियमाप्रमाणे थिअरीला ८० टक्के हजेरी लागते आणि प्रॅक्टिकलचे, म्हणजे वॉर्डातले तास, सर्टिफिकेट मिळण्याआधी १०० टक्के भरावे लागतात. हे तास न भरलेली बाई कागदावर पास होते आणि मग रजिस्ट्रेशनच्या खिडकीशी अडते. समजा तिथूनही सुटली, तरी पहिल्याच रात्रपाळीला उघडी पडते, आणि ती पडते तेव्हा समोर कोणाचातरी बाप झोपलेला असतो. संस्था निवडताना तिला त्या वर्षाची इंडियन नर्सिंग कौन्सिलची आणि राज्याची मान्यता आहे का, आणि बी.एस्सी. असेल तर नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाची संलग्नता आहे का, एवढं पाहिल्याशिवाय एक रुपया भरू नका. भिंतीवर फ्रेम करून लावलेल्या जुन्या पत्रावर जाऊ नका. आणखी एक प्रश्न विचारा: विद्यार्थिनी वॉर्डला कुठे जातात? शंभर-दोनशे खाटांचं चालतं रुग्णालय असेल तर बरं. दहा खाटांच्या नर्सिंग होमवर तीन वर्षं काढलेल्या मुलीने पुरेसे पेशंट पाहिलेले नसतात.

आता कागदपत्रं. यातच तुमचा जास्त वेळ जाणार आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

तुमचा बारावीचा मूळ दाखला त्या नर्सिंग स्कूलमध्ये जमा असणार. अर्धवट सोडून जाणाऱ्या मुलींचे कागद अडकवून ठेवायची आणि उरलेली फी मागायची खोड काही खाजगी संस्थांना असते. लेखी अर्ज द्या, पोच घ्या, आणि शाळा सोडल्याचा दाखला, पहिल्या वर्षाची मार्कलिस्ट, जमा केलेली मूळ कागदपत्रं, अशी नावं घालून मागा. तोंडी मागितलेलं तोंडीच राहतं. मार्कलिस्टच हरवलेली असेल तर दुय्यम प्रत बोर्डातून काढावी लागते, आणि इथे एक गंमत आहे. तुम्ही २०१० ला पास झालात तेव्हा कोकण विभागीय मंडळ सुरू झालेलं नव्हतं, रत्नागिरी-सिंधुदुर्ग कोल्हापूर विभागात होते. त्यामुळे रत्नागिरीला जाण्याआधी तुमच्या मार्कलिस्टवर कुठल्या मंडळाचं नाव आहे ते पाहा आणि आधी फोन करून विचारा. माणसं उगाच एक दिवस आणि गाडीभाडं घालवून परत येतात.

आधीचा जीएनएमचा प्रवेश लपवायचा का, असं तुम्ही स्पष्ट विचारलेलं नाही, पण 'ते वर्ष दाखवलं नाही तर बरं पडेल का' असं एक वाक्य आहे. लपवू नका. तुमची तेव्हा नोंदणी झालेली आहे, दाखल्यावर त्या संस्थेचं नाव येणार आहे. घरच्या आजारपणामुळे शिक्षण सुटलं, यात लाजण्यासारखं काही नाही. मधल्या वर्षांसाठी खंड प्रमाणपत्र, लोक ज्याला गॅप सर्टिफिकेट म्हणतात ते, प्रतिज्ञापत्रावर द्यावं लागतं. त्यात बी.ए. आणि नोकरी दोन्ही तारखांसकट लिहा. वर्षं आणि दाखल्यांवरच्या तारखा जुळल्या पाहिजेत. जुळल्या नाहीत की कागदपत्रं तपासणारा क्लार्क फाइल बाजूला ठेवतो. तुम्ही स्वतः क्लार्क आहात, तुम्हाला ते चेहरे माहीत आहेत.

नावाचं बघा. दाखले माहेरच्या नावाचे, आधार-पॅन सासरच्या नावाचे. विवाह नोंदणीचं प्रमाणपत्र हवंच, आणि नाव बदलाचं राजपत्र काढलेलं नसेल तर आत्ताच अर्ज करा. प्रवेश कुठल्या नावाने घ्यायचा ते एकदा ठरवा आणि मग शेवटपर्यंत तेच चालवा, कारण तेच नाव पुढे कौन्सिलच्या रजिस्ट्रेशनवर जाणार. माझा सल्ला: बारावीच्या मार्कलिस्टवर जे आहे ते.

राखीव प्रवर्गातल्या असाल तर जातीचा दाखला आणि जात वैधता प्रमाणपत्र माहेरच्या बाजूनेच काढायचं असतं, आणि वैधतेला वेळ लागतो. तोच यातला सगळ्यात संथ कागद, म्हणून सगळ्यात आधी तोच सुरू करा. नॉन-क्रिमीलेयर लागत असेल तर लग्न झालेल्या बाईचंही ते आई-वडिलांच्या स्थितीवरून ठरतं, नवऱ्याच्या पगारावरून नाही. सेतू केंद्रातसुद्धा याबद्दल उलटं सांगणारे भेटतात. शिष्यवृत्तीचे अर्ज राज्य सरकारच्या महाडीबीटी या संकेतस्थळावर भरतात, त्यालाही हेच कागद लागतात.

पैशाचं मी कमी लिहिते, कारण कर्जाचे हप्ते कसे बसतात ते तुम्हाला माझ्याहून जास्त कळतं. सरकारी जागा मिळाली तर फारसा प्रश्न नाही. खाजगी घेणार असाल तर तीन वर्षं तुमचा पगार बंद, वर फी, आणि बाहेर पडल्यावर कोकणातल्या छोट्या खाजगी रुग्णालयात सुरुवातीला मिळणारा पगार आजच्या तुमच्या पगाराहून कमी असू शकतो, हे गृहीत धरून हिशोब मांडा. गोव्यात बरं मिळतं म्हणून आपल्याकडच्या मुली तिकडे जातात, पण तुम्हाला मुलगी आणि घर इथे ठेवून रोज किंवा आठवड्याला ये-जा जमणार आहे का, ते तुम्हीच ठरवा. दिल्ली-नागपूरच्या एम्समधल्या नोकरीची स्वप्नं कोणी दाखवली तर ऐकून सोडून द्या, शिक्षण संपेपर्यंत तिथली वयोमर्यादा तुम्ही ओलांडलेली असेल.

घरचं. लग्न झालं म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. पण बऱ्याच स्कूलना होस्टेलला राहण्याची सक्ती असते, आणि दुसरीतल्या मुलीच्या आईला खरी अडचण ती आहे. प्रवेश घेण्याआधी प्राचार्यांना भेटून विचारा: होस्टेल सक्तीचं आहे का, जवळ राहात असल्यास बाहेरून येऊ देता का, नाइट ड्यूटी कुठल्या वर्षापासून. उत्तर तोंडी घेतलंत तरी चालेल, पण शिपायाकडून घेऊ नका. माझ्या वर्गातल्या ज्या मोठ्या वयाच्या विद्यार्थिनी टिकल्या, त्यांच्या घरात मुलाला शाळेतून आणणारं, जेवू घालणारं एक माणूस ठरलेलं होतं. ज्या सोडून गेल्या त्यांच्यात हुशारी कमी नव्हती, "बघू, होईल कायतरी" असं होतं. त्यामुळे सासूबाईंशी भांडण्यापेक्षा त्यांनाच विचारा की तीन वर्षं दुपारी नातीला त्या बघतील का. "ह्या वयात" म्हणणाऱ्या बऱ्याच सासवांना आतून भीती एवढीच असते की घरकाम सगळं आपल्यावर येणार, आणि ती भीती खोटी नसते.

आणखी एक अडचण येईल, तिची तयारी ठेवा. शिकवणं, पुस्तकं, परीक्षा, पेशंटच्या नोंदी, सगळं इंग्रजीत. मराठी माध्यमातून आलेल्यांचं पहिलं सेमिस्टर किंवा पहिली टर्म यातच जाते. तुमच्या ट्यूटर कदाचित तुमच्याहून पाच वर्षांनी लहान असतील आणि तुमच्यावर ओरडतील. वर्गातल्या मुली तुम्हाला ताई म्हणतील आणि परीक्षेच्या आदल्या रात्री नोट्स मागतील, ते मात्र बरं वाटतं. पायांचं बघा, सहा-सात तास उभं राहण्याची सवय खुर्चीत बसून गेलेली असते.

क्रम म्हणाल तर असा ठेवा: माहितीपुस्तिकेतली वयाची तारीख आज, जुन्या नर्सिंग स्कूलला लेखी अर्ज या आठवड्यात, प्रवर्ग लागू असेल तर वैधतेची फाइल त्याच्याबरोबर, मग संस्थांची मान्यता आणि होस्टेलची चौकशी, आणि पतसंस्थेचा राजीनामा प्रवेश पक्का झाल्याच्या दुसऱ्या दिवशी, त्याआधी नाही.

आणि हिपॅटायटिस बीची लस घेतली आहे का ते तपासा. पहिल्या वर्षाला असताना दिली असेल तर कार्ड शोधा. नसेल तर तीन डोस लागतात, आज एक, महिन्याने दुसरा, सहा महिन्यांनी तिसरा. आत्ता सुरू केलीत तर पहिल्यांदा सुई हातात घ्याल तेव्हा तिसरा डोस झालेला असेल.